ससा उंदरांत का मोडत नाही आणि मांजर कडबा का खात नाही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. काही वर्षं घरामागे ससेही पाळले होते. त्यामुळे वर्गात पोरं विचारतात, पारावर मोठी माणसं विचारतात आणि उन्हाळ्यात फोनवर घाबरलेले पालक विचारतात. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून इथे एकत्र लिहून ठेवले आहेत.

सर, ससा उंदराच्याच जातीतला ना? दात तर अगदी तसेच दिसतात.

नाही. पण हा घोळ फार जुना आहे. १७५८ साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने प्राण्यांची मांडणी केली तेव्हा त्यानेही ससा, उंदीर आणि खार एकाच गटात बसवले होते. १८५५ मध्ये ब्रांट या प्राणिशास्त्रज्ञाने सशांसाठी ‘लॅगोमॉर्फा’ हे नाव काढलं, म्हणजे ग्रीक भाषेत ‘सशाच्या रूपाचे’. पण गट उंदरांच्या पोटातच राहिला. वेगळं घर मिळायला १९१२ साल उजाडलं, गिडली या शास्त्रज्ञाने त्यांचा स्वतंत्र गण, म्हणजे कुळांहून मोठा गट, मानला तेव्हा. दीडशे वर्षं ससा उंदरांच्या घरात भाडेकरू म्हणून राहिला म्हणा ना.

पुरावा तोंडातच आहे. पाळीव सशाचा वरचा ओठ हळूच उचलून पाहा. पुढच्या दोन मोठ्या दातांच्या बरोबर मागे खुंटीसारखे दोन बारके दात लपलेले दिसतील. उंदराला हे नसतात. पुढचे दात मोजले तर उंदराचे चार भरतात, सशाचे सहा. एकूण दात उंदराचे १६, सशाचे २८. उंदराच्या दातावर कठीण लुकण म्हणजे एनॅमल फक्त पुढच्या बाजूला असतं आणि ते बहुधा पिवळट-नारिंगी दिसतं. सशाच्या दाताला ते पुढून-मागून दोन्हीकडून असतं आणि दात पांढरे. चावण्याची पद्धतही निराळी. उंदीर जबडा पुढे-मागे करून कुरतडतो, ससा जात्यासारखा आडवा फिरवून दळतो.

आता गंमत बघा. डीएनए तपासल्यावर कळलं की सगळ्या सस्तन प्राण्यांत सशांचे सर्वांत जवळचे नातेवाईक उंदीर-खारीच आहेत. घर वेगळं, पण चुलत घराणं. लिनियस अगदीच आंधळा नव्हता.

मग सशाचं पूर्ण वर्गीकरण काय लिहायचं? परीक्षेला येतं.

संघ समपृष्ठरज्जू, वर्ग सस्तन, गण लॅगोमॉर्फा, कुल लेपोरिडी. इथपर्यंत सगळे ससे एकत्र. पुढे प्रजाती आणि जाती कोणत्या, ते तुम्ही कुठल्या सशाबद्दल बोलताय यावर ठरतं, आणि नेमके याच जागी विद्यार्थ्यांचे मार्क जातात. खालचा प्रश्न वाचा.

या गणात दुसरं एक कुल आहे, ‘पिका’ नावाच्या प्राण्याचं. हिमालयात उंचावर दगडांत राहणारा, गोल कानांचा, शेपूट दिसतही नाही असा छोटा प्राणी. पहिल्यांदा बघणारा त्याला उंदीरच म्हणतो. पण आहे तो सशांच्या गणातला.

वावरातला ससा आणि पिंजऱ्यातला पांढरा ससा एकच का?

मराठीत एकच शब्द आहे म्हणून सगळा गोंधळ. प्राणी दोन आहेत.

आपल्या वावरात, गायरानात, सातपुड्याच्या पायथ्याला रात्री मोटारसायकलच्या उजेडात जो आडवा पळतो तो रानससा. शास्त्रीय नाव लेपस नायग्रिकॉलिस. मानेच्या मागे काळा पट्टा असतो, नावातही तेच आहे. रंग मातकट, म्हणजे नांगरटीत बसला तर दोन हातांवरूनही दिसत नाही. हा बीळ खणत नाही. गवतात, तुरीच्या ओळीत, केळीच्या पिलबागेत अंगाएवढा खळगा करून त्यात दबून बसतो. पिल्लं जन्मतःच डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊन येतात.

पिंजऱ्यातला ससा म्हणजे ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस. मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. तो जमिनीखाली बिळं खणतो, टोळीने राहतो. पिल्लं उघडी, आंधळी, मांसाच्या गोळ्यासारखी जन्मतात, महिनाभराच्या गर्भानंतर. पांढरा, करडा, काळा-पांढरा, लांब केसांचा, सगळे पाळीव ससे याच एका जातीतून माणसाने तयार केले. आपल्याकडे जास्त दिसतो तो लाल डोळ्यांचा ‘न्यूझीलंड व्हाइट’. त्याचं नाव न्यूझीलंड, पण तयार झाला अमेरिकेत.

‘दोघांचा संकर होईल का’ असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच. होत नाही. रानसशाची गुणसूत्रं ४८, पाळीव सशाची ४४. आणि पाळीव ससा कंटाळा आला म्हणून शेतात सोडून देऊ नका. पांढऱ्याशुभ्र सशाला काळ्या मातीत पहिल्याच रात्री कोल्हा किंवा कुत्रं गाठतं.

ससे पृथ्वीवर कधी आले? आपल्याकडे काही पुरावा आहे का?

आहे, आणि तोही शेजारच्या गुजरातमधला. सुरत जिल्ह्यात वस्तान नावाची लिग्नाइटची खाण आहे. तिथल्या थरांत सशांच्या गणातल्या प्राण्याच्या पायाची छोटी हाडं सापडली. वय सुमारे ५.३ कोटी वर्षं. २००८ साली हा शोध प्रसिद्ध झाला तेव्हा ती या गणाच्या जगातल्या सर्वांत जुन्या अवशेषांत गणली गेली. घोट्याच्या एवढ्याशा हाडावरून ससा ओळखतात, कारण उड्या मारणाऱ्या पायाची ठेवणच वेगळी असते. हाडांचा प्राणी आजच्या सशासारखा दिसत असेल असं मात्र समजू नका.

जे प्राणी फक्त झाडपाला खातात त्यांचा एक वेगळा गण असतो का? ‘शाकाहारी गण’ असा?

नसतो. या एका प्रश्नासाठी मी हे पान लिहायला घेतलं असं म्हटलं तरी चालेल.

वर्गीकरण म्हणजे वंशावळ. दाखल्यासाठी तलाठ्याकडे वंशावळ काढता, तेव्हा आजोबा कोण, पणजोबा कोण एवढंच लिहितात. कोण काय धंदा करतो हे लिहीत नाहीत. एक भाऊ केळी लावतो, दुसरा ट्रक चालवतो, तरी भाऊबंदकी एकच. उलट आमच्या गावात निम्मं गाव पाटील, पण सगळे एका घराण्याचे कुठे आहेत? प्राण्यांतही हेच.

सातपुड्यातलं अस्वल घ्या. ते मांसभक्षी गणातलं, वाघ-कुत्र्यांच्या गणातलं. आणि खातं काय, तर मोहाची फुलं, बोरं, मध, वाळवी, मुंग्या. चीनमधला पांडा त्याच गणातला, आयुष्यभर बांबू खातो. म्हणजे ‘मांसभक्षी’ हे गणाचं आडनाव झालं, ताटातलं जेवण नव्हे. दुसऱ्या बाजूने गाय, घोडा, हत्ती, ससा आणि वानर हे सगळे पाल्यावर जगतात आणि पाचही जण पाच वेगळ्या गणांतले आहेत. झाडपाला खाण्याचं कसब प्राण्यांच्या कुळांत एकदा नाही, अनेकदा वेगवेगळं जमलेलं आहे.

बरं, पण मुळात काही प्राणी फक्त वनस्पतीच का खातात? मांस जास्त ताकदीचं ना?

मांस पचायला सोपं हे खरं. पण ते पळतं, लपतं, शिंगं मारतं. गवत जागचं हलत नाही. शिवाय हिशेब असा की गवतातल्या ऊर्जेपैकी ते खाणाऱ्या सशाच्या अंगात अगदी थोडी उतरते, ढोबळमानाने दहावा हिस्सा, आणि सशातून कोल्ह्यात त्याचाही दहावा. म्हणून एका शिवारात ससे पुष्कळ असू शकतात, कोल्हे मोजके आणि बिबट्या एखादाच. ढीग गवताचा आहे, गर्दीही तिकडेच होणार.

अडचण एकच. तो ढीग कुलुपात आहे. गवताच्या पेशींची भिंत सेल्युलोजची असते. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. कपाशीच्या बोंडातला कापूस तुम्ही पोटभर खाल्ला तरी उपाशीच मराल, कारण सेल्युलोज तोडणारं विकर आपल्या आतड्यात तयारच होत नाही. आता ऐका, ते गाईच्याही शरीरात तयार होत नाही. सशाच्याही नाही. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचा हा सार्वत्रिक कमकुवतपणा आहे. ते काम पोटात राहणारे सूक्ष्म जीव करतात. गाय कडबा खाते ती या जिवांसाठी. ते कडबा आंबवतात आणि त्यातून निघणाऱ्या आम्लांवर गाय जगते. बैलाचं पोट म्हणजे चालता-फिरता गोबरगॅस, फक्त गॅसपेक्षा आम्लं कामाची.

एवढं सांभाळायचं तर मोठी टाकी लागते, लांब आतडं लागतं, दळायला चपटे दात लागतात आणि वेळ लागतो. गाय दिवसाचे सात-आठ तास नुसता रवंथ करते. एकदा शरीराने हा सगळा सरंजाम उभा केला की मग मांस पकडायला, फाडायला लागणारे सुळे आणि नखं ठेवायला जागा राहत नाही. ससा काही माळकरी नाही. मांस सोडायचं असं त्याने कधी ठरवलं नाही, त्याच्या तोंडात आणि पोटात त्याची फारशी सोय उरलेली नाही.

गाय आणि ससा दोघंही गवत खातात. मग सशाला चार कप्प्यांचं पोट का नाही?

आंबवण्याची टाकी कुठे बसवायची, याच्या दोन पद्धती आहेत. गाय, म्हैस, शेळी, हरीण यांची टाकी पुढे, जठराच्या जागी. मोठ्या गाईच्या पहिल्या कप्प्यात शंभर लिटरहून जास्त मावतं. तिथे आंबलेलं पुन्हा तोंडात आणून चावतात, तो रवंथ. घोडा, हत्ती आणि ससा यांची टाकी मागे, लहान आतडं संपल्यावर. सशात तिला अंधनाल म्हणतात आणि त्याच्या पचनमार्गातला तोच सर्वांत मोठा भाग असतो. आपल्यात त्याच ठिकाणी एवढीशी पिशवी आणि तिला लटकलेलं आंत्रपुच्छ, जे दुखलं की थेट ऑपरेशन.

मागच्या टाकीचा फायदा, अन्न भराभर पुढे सरकतं, लहान शरीराला परवडतं. तोटा असा की जीवनसत्त्वं आणि प्रथिनं तयार होतात तीच मुळी लहान आतड्याच्या पुढे. शोषायची जागा मागे राहून गेली. गाडी जळगाव सोडून भुसावळला पोचल्यावर जळगावला उतरायचं होतं हे आठवावं, तसं.

म्हणूनच ससा स्वतःची लेंडी खातो का? आमची मुलं किळसतात.

म्हणूनच. मुलांना सांगा, ती लेंडी नाही, अर्धवट झालेला स्वयंपाक आहे.

ससा दोन प्रकारचं टाकतो. एक गोल, कोरड्या, वाटाण्यासारख्या लेंड्या. त्या खऱ्या लेंड्या, खत म्हणून उत्तम. दुसऱ्या मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या बारक्या घोसासारख्या चिकटलेल्या. या अंधनालातून येतात, ब जीवनसत्त्वं आणि सूक्ष्म जिवांच्या प्रथिनांनी भरलेल्या असतात. विश्रांतीच्या वेळी ससा मान वाकवून त्या थेट गुदद्वाराशीच उचलतो आणि न चावता गिळतो. म्हणून आपल्याला त्या सहसा दिसतही नाहीत. रानससाही हेच करतो. पिंजऱ्यात मऊ घोस तसेच पडलेले दिसायला लागले तर मात्र समजा, चारा कमी आणि दाणा-बिस्किटं जास्त होताहेत.

बसल्या बसल्या सशाचं तोंड हलताना दिसतं म्हणून जुनी माणसं ‘ससा रवंथ करतो’ म्हणतात. तो रवंथ नाही. सशाला पोटातलं वर आणताच येत नाही, उलटीसुद्धा होत नाही.

वानर नुसती पानं खाऊन राहतं, माकडाला का जमत नाही?

पाटणादेवीला गेलात तर काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरं पिंपळाची पानं ओरबाडताना दिसतील. त्यांच्या जठराला गाईसारखे फुगीर कप्पे असतात, पुढची टाकी. लाल तोंडाच्या माकडाला ती नाही. त्याला गालात पिशव्या मिळाल्या आहेत, तुमचे शेंगदाणे पळवून नेण्यासाठी.

झाडं आपल्याला खाऊ देतात कशी? काहीच करत नाहीत?

करतात हो, भरपूर करतात. बाभूळ काटे काढते, रुई चीक सोडते, कण्हेर विषारी आहे. गवताचं हत्यार सर्वांत साधं, पानात बारीक वाळू. गवत वाटेल तेवढी सिलिका जमिनीतून उचलून पानात भरतं, म्हणूनच उसाचं पान हात कापतं. ही वाळू रोज दळायची म्हणजे दात झिजणारच. सशाचा तोडगा, दात आयुष्यभर वाढतच राहतात, पुढचे तर आठवड्याला सुमारे २ ते ३ मिलिमीटर. घास आणि वाढ यांचा हा तोल आहे. नुसती मऊ पोळी खाणाऱ्या सशाचे दात वाढून वाकडे होतात आणि मग त्याला खाताच येत नाही.

ज्वारीचं उदाहरण शेतकऱ्याला सांगायला नको. पाण्याच्या ताणातली कोवळी ज्वारी जनावराने खाल्ली की तिच्यातून सायनाइड सुटतं आणि उभं जनावर पडतं. तीच ज्वारी पिकली, वाळली की तिचा कडबा निर्धास्त टाकतो. दादरचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा कडबा तर आमच्याकडे हरभऱ्याच्या भुशाइतकाच जपून ठेवतात.

शाकाहारी प्राणी कधीच मांस खात नाहीत?

खातात, जमलं तर. गाई-म्हशी हाडं, चामडं चघळताना तुम्ही पाहिलं असेल. चाऱ्यात फॉस्फरस कमी पडला की ही सवय लागते. दिसली तर हसण्यावारी नेऊ नका, सडक्या हाडातून बोटुलिझमची विषबाधा होऊन जनावर दगावतं. खनिज मिश्रण सुरू करा. हरणं गळालेली शिंगं चघळतात. कॅनडाच्या युकॉन भागात, जिथे हिवाळ्यात काडी मिळत नाही, तिथले ससे मेलेल्या प्राण्यांचं मांस, इतकंच काय मेलेल्या सशांचंही मांस खाताना कॅमेऱ्यात सापडले आहेत.

आमच्या घरात माळ आहे. मांजराला शाकाहारी ठेवता येईल का?

कुत्रं एकवेळ राहील. माणसाजवळ हजारो वर्षं भाकरतुकडा खाऊन कुत्र्यांत पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कितीतरी वाढल्या आहेत. मांजराचं तसं नाही. त्याला टॉरिन नावाचं द्रव्य मांसातूनच मिळतं, नाही मिळालं तर डोळे आणि हृदय खराब होतं. गोड चव ओळखणारं त्याचं जनुकच मोडलेलं आहे, पुरणपोळी त्याच्यासाठी वाया. दूध-पोळीवर वाढलेलं मांजर निरोगी दिसत असेल तर ते तुमच्या दूध-पोळीने नव्हे, रात्री कोठीत उंदीर मिळतात म्हणून.

सशाला गाजर किती द्यायचं? पाणी द्यायचं की नाही?

गाजर म्हणजे सशाची मिठाई. आठवड्यातून दोनदा एखादा तुकडा, बस. खरं अन्न वाळलेला चारा, तो चोवीस तास समोर हवा. जोडीला हिरवा पाला, लसूणघास थोडाच, केळीचं पान चालतं. पाव, बिस्कीट, शेव, फरसाण, काहीही नको. ससा अर्धा-एक दिवस काहीच खात नसेल तर ती ‘उद्या बघू’ म्हणायची गोष्ट नाही, पशुवैद्याकडे न्या. टाकी बंद पडली की ती आपोआप सुरू होत नाही.

‘पाणी पाजलं की ससा मरतो’ ही खुळी समजूत कुठून आली देव जाणे. त्याला पाणी हवंच. खान्देशात तर जास्तच.

उन्हाळ्यात ससे पटापट मरतात, काय करावं?

माझेही मेले. दोन, एकाच दुपारी, मे महिन्यात, पत्र्याखाली. मी घरात कूलरसमोर झोपलो होतो आणि शेडमध्ये ओलं गोणपाट टाकायचं राहिलं. हे लिहिताना अजून लाज वाटते.

सशाला घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापून गारही होता येत नाही. उष्णता बाहेर टाकायची ती कानांतून. बाहेर तिशीच्या वर गेलं की तो अस्वस्थ होतो, आणि आमचा मे ४५ ला टेकतो. पत्र्याचं छप्पर असेल तर त्यावर पाचट किंवा केळीची वाळली पानं टाका. चहूबाजूंनी ओलं गोणपाट, आत मातीचं खापर, कान ओल्या कापडाने पुसणं. ससा आडवा पडून मान टाकत असेल तर थंडगार पाण्यात बुडवू नका, धक्क्याने जातो. साध्या पाण्याने कान आणि पाय ओले करा. आणि खरं विचाराल तर, घरात गारवा नसेल तर जळगाव-भुसावळकडे ससा पाळूच नका.

‘सशाचं शिंग’ म्हणजे अशक्य गोष्ट, बरोबर ना?

न्यायशास्त्रात बरोबर. पण अमेरिकेतल्या रानसशांच्या डोक्यावर एका विषाणूमुळे शिंगासारखे कडक मोड फुटतात. १९३३ मध्ये शोप या संशोधकाने तो विषाणू शोधला. तर्कशास्त्राच्या मास्तरांना सांगू नका.

भाऊ, माझा उगवलेला हरभरा ससे खाताहेत. काय करू?

आधी ससाच आहे का ते बघा. ससा शेंडा कात्रीने कापल्यासारखा तिरपा, स्वच्छ तोडतो. जनावराने ओढलेला शेंडा फाटलेला असतो. जवळ गोल कोरड्या लेंड्या दिसल्या तर शंका नको. रोपं लहान असेतो पाच-सहा आठवडे बांधाला बारीक जाळी, खालून थोडी मातीत दाबलेली, एवढ्याने बरंच काम होतं. रोप मोठं झालं की ससाच दुसरीकडे वळतो. फासे लावणं, कुत्री घालणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. ससेहोलपट हा शब्द कुठून आला ते आठवा, आणि ती कोर्टाच्या आवारात तुमच्या वाट्याला येऊ देऊ नका.

तूर कापताना सशाची पिल्लं सापडली. आई नाही दिसत. घरी आणून दूध पाजू?

नका. आई गेलेली नसते, लांब दबून बसलेली असते. ती पिल्लांजवळ बहुतेक दिवसभर फिरकतच नाही, वासाने कोल्ह्याला ठिकाण कळू नये म्हणून, आणि दिवस मावळल्यावर येऊन एकदाच पाजून जाते. पिल्लं तोवर हलत नाहीत. तेवढा पट्टा कापायचा सोडा, कुत्र्याला बांधून ठेवा आणि उरलेली तूर उद्या कापा. कापणी थांबवता येत नसेल तर मूठभर गवतासकट पिल्लू उचलून पाच-दहा पावलांवर त्याच बांधाला सावलीत ठेवा. गाईचं दूध पाजू नका, त्याने त्याचं पोट बिघडून ते मरतं. जखमी असेल तरच वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा.